छोट्या डेस्कटॉपमध्ये नवी एसएसडी बसवली, पण तिची उष्णता जाणार कुठून?

गेल्या वर्षी मे महिन्यात अकोल्याहून माझ्या मावसभावाचा फोन आला. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आणि एडिटिंग हा त्याचा धंदा. टेबलावर जागा कमी, म्हणून त्याने एका ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप घेतला होता. जाड पुस्तकाएवढा डबा, आतली जागा जेमतेम एक लिटर. त्यातली २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, काढून त्याने नवी २ टीबीची बसवून घेतली होती.

"दादा, नवी डिस्क जुनीपेक्षा हळू चालून राहिली," तो म्हणाला. "सकाळी बरी चालते. दुपारी फिल्म एक्स्पोर्ट केली आणि लगेच बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावली की सेकंदाला नऊशे एमबीचा स्पीड दीडशेवर येते. काल तर डिस्कच गायब झाली, निळी स्क्रीन आली."

दुकानदाराने एकदा डिस्क बदलून दिली होती. बदललेली डिस्कही तशीच वागली. दोन वेगळ्या डिस्क एकाच डब्यात एकाच तऱ्हेने आजारी पडतात, तेव्हा डबा तपासावा लागतो. पुढे जे लिहितोय ते त्या डब्यामुळे मला नीट समजलं, आणि छोट्या डेस्कटॉपमध्ये स्टोरेज वाढवणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बोटभर पट्टी, अर्धा झिरोचा बल्ब

आजकाल डेस्कटॉपमध्ये बसते ती एम-टू एसएसडी म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टी. म्हणूनच तिच्या मापाला २२८० म्हणतात. या पट्टीवर दोन प्रकारच्या चिप असतात. एक कंट्रोलर, म्हणजे डिस्कचा स्वतःचा छोटा प्रोसेसर. माहिती कुठे ठेवायची, कुठून काढायची, वाचताना आलेल्या चुका कशा दुरुस्त करायच्या, हे सगळं तो पाहतो. दुसऱ्या फ्लॅश मेमरीच्या चिप, ज्यांत माहिती प्रत्यक्ष साठते. सगळ्यात जास्त तापतो तो कंट्रोलर, आणि त्याचं अंग जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, तेवढंच रुंद.

जुन्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचायची आणि कामात असताना दोन-तीन वॉट वीज घ्यायची. पीसीआय एक्स्प्रेस या जास्त वेगवान जोडणीवर चालणाऱ्या एनव्हीएमई प्रकारच्या डिस्क आल्या आणि वेग उड्या मारत वाढला. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीत सुमारे ३,५०० एमबी, चौथीत ७,०००, पाचवीत १४,०००. वेगाबरोबर विजेची भूकही वाढली. जोरात काम करणारी तिसऱ्या-चौथ्या पिढीची डिस्क पाच ते आठ वॉट घेते, आणि पाचव्या पिढीच्या सुरुवातीच्या डिस्क तर दहाच्या पुढे जातात.

सात वॉट ऐकायला किरकोळ वाटतात. पण आपल्याकडे रात्री लावतात तो जुना झिरोचा बल्ब आठवा. नाव झिरो असलं तरी तो बारा-पंधरा वॉट घेतो, आणि तासभर चालू असलेल्या त्या बल्बला बोट लावलं तर चटका बसतो. एसएसडी त्याच्या निम्मी वीज घेते, पण ती वीज एका बोटभर पट्टीत, त्यातही बरीचशी नखाएवढ्या चिपमध्ये खर्च होते. डिस्क जेवढी वीज घेते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. तिला दुसरा मार्ग नाही.

थोडा हिशोब करू

इथे आकडे मांडतो, कारण खरी गोष्ट आकड्यांतच दिसते. स्थिर हवेत ठेवलेली गरम वस्तू आपल्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे, आजूबाजूपेक्षा ती जितके अंश जास्त गरम असेल त्या दर अंशामागे, ढोबळमानाने दहा वॉट उष्णता सोडते. आपल्या पट्टीच्या दोन्ही बाजू मिळून पृष्ठभाग होतो सुमारे ३५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक वॉट उष्णता नुसत्या स्थिर हवेत सोडायची तर पट्टीला हवेपेक्षा जवळजवळ २९ अंश गरम व्हावं लागतं. तीन वॉटला ८६ अंश. सात वॉटला २०० अंश.

प्रत्यक्षात थोडी उष्णता स्लॉट (डिस्क खोचायची खाच) आणि स्क्रूमधून मदरबोर्डात, म्हणजे मशीनच्या मुख्य बोर्डात जाते, त्यामुळे आकडा याहून कमी येतो. पण मुद्दा स्पष्ट आहे. उघडी पट्टी, हलती हवा नाही, कुठल्या धातूला टेकलेली नाही, अशा अवस्थेत एनव्हीएमई डिस्क पूर्ण जोरात सतत चालूच शकत नाही. थोडा वेळ धावेल, मग थांबून श्वास घेईल. रोजच्या वापरात हे कळत नाही, कारण ब्राउझर, मेल, हिशोबाची फाइल या कामांत डिस्क बहुतेक वेळ झोपलेली असते आणि झोपेत ती वॉटाचा छोटासा अंश घेते. ज्याचं काम शंभर-शंभर जीबी हलवण्याचं आहे, त्याच्या मात्र हे रोज वाट्याला येतं.

दुसरी गोष्ट बेरजेची. हिशोबातले सगळे अंश हे भोवतालच्या हवेच्या वर मोजायचे. एखाद्या चाचणीत २५ अंशांच्या खोलीत डिस्क ७० अंशांवर थांबली असेल, तर तेच काम ३८ अंशांच्या खोलीत ती ८३ वर नेईल. आणि डिस्कची खोली म्हणजे तुमची खोली नव्हे, त्या डब्याच्या आतली हवा. शेजारी ३५ वॉटचा प्रोसेसर अर्धा तास व्हिडिओ एक्स्पोर्ट करत असेल तर ती हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. अकोल्यातली मेमधली दुपार, बाहेर ४४-४५, कूलर लावूनही खोलीत ३८, आणि डब्यात त्याहून वर. भावाची डिस्क सकाळी बरी का चालायची आणि दुपारी का रुसायची, याचं उत्तर या बेरजेत होतं.

डिस्क स्वतःला कशी वाचवते

डिस्कमध्ये तापमान मोजणारे सेन्सर असतात. निर्मात्याने दोन पातळ्या ठरवलेल्या असतात, एक इशाऱ्याची आणि एक धोक्याची. साध्या ग्राहकांसाठीच्या बहुतेक डिस्कचं अधिकृत कामाचं तापमान ० ते ७० अंश लिहिलेलं असतं, आणि इशाऱ्याची पातळी बऱ्याचदा ऐंशीच्या घरात असते. त्या आसपास पोहोचली की डिस्क स्वतःचा वेग कमी करते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. कमी काम, कमी वीज, कमी उष्णता. थोडी गार झाली की पुन्हा पळते, पुन्हा तापते. म्हणून कॉपीचा आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली दिसतो. एवढं करूनही तापमान धोक्याच्या पातळीपलीकडे गेलं तर काही डिस्क काम थांबवतात. विंडोजच्या दृष्टीने ज्या डिस्कवर तो स्वतः उभा आहे तीच नाहीशी होते, आणि निळी स्क्रीन येते.

थ्रॉटलिंग हा बिघाड मानू नका. उन्हात नांगर ओढणारा बैल सावलीला थांबतो, तसं ते शहाणपण आहे. चिंता करायची ती तो रोज थांबत असेल तर.

वेग पडला म्हणजे उष्णताच, असं नाही

इथे भलेभले चुकतात, आणि मीही आधी चुकीच्याच दिशेने गेलो होतो. एसएसडीचा वेग पडण्याचं दुसरं एक अगदी नेहमीचं कारण आहे आणि त्याचा तापमानाशी संबंध नाही.

आजच्या डिस्क एका सूक्ष्म कप्प्यात तीन किंवा चार बिट साठवतात. असं दाटीवाटीने लिहायला वेळ लागतो. म्हणून डिस्क रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता एकच बिट साठवणारा म्हणून वापरते आणि आलेली माहिती आधी तिथे भराभर उतरवून घेते. लग्नघरात पाहुण्यांचं सामान आधी ओसरीवर टाकायचं आणि सवडीने खोल्यांत लावायचं, तसं. ओसरी भरली की पुढचं प्रत्येक सामान थेट खोलीत न्यावं लागतं आणि वेग एकदम पडतो. चार बिटवाल्या स्वस्त डिस्क तर अशा वेळी सेकंदाला १००-२०० एमबीवर येतात.

मग ओळखायचं कसं? ओसरी भरल्यामुळे वेग पडत असेल तर तो फक्त लिहिताना पडतो, आणि डिस्कमध्ये मोकळी जागा तेवढीच असेल तर दर वेळी साधारण तितकेच जीबी लिहून झाल्यावर पडतो. सकाळ असो की दुपार. उष्णतेमुळे पडत असेल तर वाचतानाही पडतो, दुपारी लवकर पडतो, आणि त्या क्षणी तापमान इशाऱ्याच्या पातळीला टेकलेलं असतं.

भावाच्या बाबतीत गुंता असा होता की तो डब्यातल्या डिस्कवरून वाचत होता आणि बाहेरच्या डिस्कवर लिहीत होता. दोघींपैकी कोण अडतंय? मी त्याला फोनवर सांगितलं, डब्याचं झाकण काढ, टेबलफॅन समोर ठेव आणि तीच कॉपी पुन्हा लाव. बाहेरच्या डिस्कला वारा लागू देऊ नको. दहा मिनिटांनी त्याने फोन केला: स्पीड नऊशेवरून हललाच नाही. एक टेबलफॅन आणि दहा मिनिटं, यापेक्षा स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

तापमान पाहायला विंडोज ११ मध्ये सेटिंगमध्येच सोय आहे. स्टोरेजच्या पानावर डिस्कची माहिती उघडली की एनव्हीएमई डिस्कचं तापमान दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर जास्त सोयीचं, आणि लिनक्सवाल्यांसाठी स्मार्टसीटीएल आहे. स्मार्टसीटीएलमध्ये एक ओळ अवश्य पाहा, इशाऱ्याच्या पातळीवर डिस्कने आजवर किती मिनिटं काढली त्याची. हा आकडा डिस्कच्या आत साठतो आणि फक्त वाढतो. वापरलेली डिस्क विकत घेताना मी आता लिहिलेल्या जीबींच्या बरोबरीने हाही आकडा बघतो. भावाच्या डिस्कवर तेव्हा २१४ मिनिटं होती, आणि ती बसवून अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते.

हरवलेला थर्मल पॅड

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो आणि डबा उघडला. कारण लगेच सापडलं. जुन्या २५६ जीबीच्या डिस्कवर एक करड्या रंगाचा मऊ चौकोनी तुकडा चिकटलेला होता. तो थर्मल पॅड. डिस्क आणि डब्याचं धातूचं झाकण यांच्यामधली फट तो भरत होता. डिस्क बदलताना जुनी डिस्क पॅडसकट निघाली आणि खोक्यात गेली. नवी डिस्क उघडी राहिली, झाकणापासून जेमतेम मिलिमीटरभर दूर.

त्या एका मिलिमीटरची किंमत बघा. साधा थर्मल पॅड हवेपेक्षा शंभरपटीहून अधिक चांगली उष्णता वाहून नेतो. कंट्रोलरवर बसवलेला एक मिलिमीटरचा पॅड सात वॉट पलीकडे पोचवताना नऊ-दहा अंश खातो. त्याच फटीत हवा असेल तर त्या वाटेने जवळपास काहीच जात नाही. पलीकडचं झाकण साधारण १८ बाय १८ सेंटिमीटरचं. मघाचाच हिशोब लावला तर एवढ्या पत्र्याला सात वॉट हवेत सोडायला बाविसेक अंश पुरतात, बोटभर पट्टीला २०० लागत होते. हा कागदावरचा हिशोब, कारण उष्णता पत्र्यावर सगळीकडे सारखी पसरत नाही. तरी फरक कुठल्या कुठे जातो ते दिसतं.

पॅड लावताना तीन चुका मी वारंवार पाहिल्यात. पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिक असतं, ते काढायचंच राहून जातं. दुसरी, फटीपेक्षा जाड पॅड दाबून बसवला की पट्टी वाकते, आणि वाकलेल्या पट्टीवरची चिप हळूहळू सुटू शकते. फट आधी मोजा, अर्धा, एक, दीड मिलिमीटर असे पॅड मिळतात. तिसरी, डिस्कवरचं लेबल उत्साहाने सोलून काढणं. त्यामुळे बहुधा वॉरंटी जाते, आणि काही लेबलांच्या खाली उष्णता पसरवणारा तांब्याचा पातळ पत्रा असतो, तोही जातो. पॅड लेबलवरूनच लावा.

मग हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा? दुकानात तुम्हाला तोच पहिला सुचवतील. मोठ्या कॅबिनेटमध्ये, जिथे पंख्याचा वारा खेळतो, तिथे तो छान काम करतो. बंद डब्यात मात्र त्याची अवस्था खाली भोक नसलेल्या पिंपासारखी होते. नळ चालूच आहे, पिंप मोठं असल्यामुळे भरायला उशीर लागेल एवढंच. वीस ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक सात वॉटवर ४० अंश तापायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यानंतर उष्णता वाऱ्यावर किंवा धातूच्या झाकणावर गेली नाही, तर आपण आहोत तिथेच. शिवाय एक लिटरच्या डब्यात उंच हीटसिंक मावतच नाही.

वाऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. या छोट्या मशीनचा पंखा सहसा प्रोसेसरचं तापमान बघून फिरतो. एसएसडीला काय होतंय याचा त्याला पत्ताच नसतो. नुसती मोठी कॉपी चालू असेल तेव्हा प्रोसेसर गार, पंखा जवळजवळ शांत, आणि डिस्क मात्र तापलेली. ज्या मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याचा किमान वेग वाढवायची सोय आहे, तिथे तो थोडा वाढवून ठेवा. रात्री किंचित आवाज येईल, पण डिस्कला तो वारा सतत मिळत राहतो.

भावाच्या मशीनमध्ये आम्ही चार गोष्टी केल्या. एक मिलिमीटरचा पॅड लावला. डिस्कच्या बाजूला रिकामीच पडलेली अडीच इंची डिस्कची कॅडी, म्हणजे ती बसवायची चौकट, काढून टाकली, म्हणजे वाऱ्याची वाट मोकळी झाली. पंख्याचा किमान वेग वाढवला. आणि डबा उभा केला. तो आडवा असताना डिस्कची बाजू खाली होती, आणि खाली मावशीने विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरलेला. रुमाल मावशीला परत दिला. नीट घडी घालून, कारण तिने तो प्रेमाने अंथरला होता. त्याच दिवशी दुपारी तोच एक्स्पोर्ट आणि तीच कॉपी लावली. आधी ८३ ला टेकणारी डिस्क ६६ वर थांबली.

घेतानाच विचार केला तर

एवढं सगळं करण्याआधी खरेदीच्या वेळी पाच मिनिटं दिली तर निम्मा त्रास वाचतो. आपल्या मशीनचा स्लॉट कोणत्या पिढीचा आहे ते आधी बघा. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये पाचव्या पिढीची डिस्क तिसरीच्याच वेगाने चालणार. जास्तीचे पैसे कशासाठी द्यायचे? छोट्या डब्यासाठी मी वेगाच्या आकड्याआधी वीज किती लागते ते वाचतो. नव्या, बारीक तंत्रावर बनलेल्या कंट्रोलरच्या डिस्क जुन्या वेगवान डिस्कपेक्षा स्पष्टपणे गार चालतात. शक्य तिथे एकाच बाजूला चिप असलेली डिस्क घ्या. दोन्ही बाजूंना चिप असतील तर खालच्या बाजूच्या चिप मदरबोर्डाला तोंड करून अंधारात बसतात, त्यांच्यापर्यंत ना पॅड पोचतो ना वारा.

आणि ज्यांच्या मशीनमध्ये अडीच इंची साटा डिस्कची जागा आहे, त्यांना माझा आग्रहाचा सल्ला: विंडोज आणि चालू प्रोजेक्ट एनव्हीएमईवर ठेवा, बाकीचा सगळा साठा साध्या साटा एसएसडीवर. ५५० एमबीचा वेग जुन्या लग्नांच्या फुटेजला भरपूर होतो, आणि ती डिस्क उन्हाळ्यातही गार राहते. अशा मशीनमध्ये कॅडी जागेवरच राहू द्या, फक्त एनव्हीएमईचा पॅड झाकणाला किंवा कॅडीच्या पत्र्याला टेकतोय ना ते पाहा.

ज्यांचा छोटा डबा स्वतः जुळवलेला आहे, म्हणजे १७ बाय १७ सेंटिमीटरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड, त्यांनी बोर्डाच्या पाठीमागचा एम-टू स्लॉट शेवटी वापरावा. तिथे वारा पोचत नाही, आणि काही कॅबिनेटमध्ये तर ती बाजू ग्राफिक्स कार्डाच्या भिंतीला लागून येते. ॲपलच्या छोट्या डेस्कटॉपचं, २०२४ च्या मॅक मिनीचं, गणित वेगळं आहे. त्यात कंट्रोलर मुख्य चिपमध्येच असतो आणि काढता येणाऱ्या पट्टीवर फक्त मेमरी असते, त्यामुळे साधी एम-टू डिस्क तिथे चालतच नाही.

आयुष्य कमी होतं का?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. कामात असताना डिस्क पन्नास-साठ अंशांवर असेल तर निश्चिंत राहा. उलट फ्लॅश मेमरीला लिहिताना थोडी ऊब मानवते. तिला बाधते ती बंद असतानाची उष्णता, कारण साठलेला विद्युतभार गरम जागी लवकर झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार साध्या ग्राहकाच्या डिस्कने तिची लिहिण्याची मर्यादा संपल्यावरही ३० अंशांत, वीज नसताना, एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी डिस्क याहून बराच काळ टिकवते. पण घासून वापरलेली डिस्क बॅकअप म्हणून पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर टाकून ठेवणं हा खरा धोका आहे. भावाच्या जुन्या लग्नांचे बॅकअप तसेच एका पत्र्याच्या पेटीत होते. ते आम्ही खाली आणले, खालच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात ठेवले, आणि दर दिवाळीला एकदा जोडून सगळं पुन्हा वाचून बघायचं ठरवलं.

यंदाच्या मेअखेरीस लग्नसराई आटोपली तेव्हा त्याने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. इशाऱ्याच्या पातळीवरची मिनिटं: २१४.